मोहखेड्याची माफी

शाळेतली मुलं प्रमिलाबाईंना मागून 'कशावरूनबाई' म्हणायची. नशिराबादच्या आमच्या शाळेत त्या इतिहास शिकवायच्या आणि मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारीशेजारी. एखाद्या मुलानं उत्तरपत्रिकेत 'अमुक राजा फार न्यायी होता' असं लिहिलं, की त्या समासात लाल शाईनं एकच शब्द लिहायच्या, 'कशावरून?' पालक मुख्याध्यापकांकडे तक्रार घेऊन यायचे. पुस्तकात आहे तेच पोरानं लिहिलं, मग ही लाल शाई कशाला? प्रमिलाबाई म्हणायच्या, "गुण कापलेले नाहीत. विचारलं फक्त."

बांध्यानं ठेंगण्या, चालणं मात्र भरभर. राहायला जळगावात, मेहरूणला. सकाळची एसटी चुकली तर हायवेवर उभ्या राहून ट्रकला हात दाखवायच्या आणि ड्रायव्हरशेजारी बसून वेळेवर शाळेत हजर व्हायच्या. बाईमाणूस ट्रकमधून उतरते म्हणून गावात बोललं गेलं. एका पालकानं तर सभेत विषय काढला. त्या उठून म्हणाल्या, "एसटी वेळेवर सोडायची सोय करा, मी ट्रक सोडते." विषय तिथंच संपला. त्या ट्रकमधून येत राहिल्या.

पण 'कशावरून' विचारायची सवय त्यांना आधीपासून नव्हती. ती कशी लागली ते मी जवळून पाहिलं.

त्यांचं माहेर मोहखेडे, साक्री तालुक्यातलं, डोंगराला लागून असलेलं लहानसं गाव. १९३० साली त्या भागात जंगल सत्याग्रह झाला. गावंच्या गावं राखीव जंगलात शिरली, सरकारचा हुकूम मोडून गवत कापलं, झाडांना कुऱ्हाड लावली आणि तुरुंगात गेली. मोहखेड्याची माणसंही गेली. प्रमिलाबाईंचे थोरले काका त्यांत होते. तरीही गावाला एक डाग लागला होता. मोहखेड्यानं सरकारची माफी मागितली, असं पंचक्रोशीत बोललं जायचं. लग्नात मानपानावरून कुरबूर झाली की वरपक्षातलं कुणीतरी म्हणायचंच, "माफीवालास्नं गाव शे, मांगतीन माफी." प्रमिलाबाईंच्या स्वतःच्या लग्नात मांडवात हे वाक्य उठलं होतं आणि त्यांचे वडील लोटनआबा खाली मान घालून उभे राहिले होते.

१९८६ साली त्यांनी एम.फिल.ला नाव घातलं. तेव्हा आपल्याकडची कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. मार्गदर्शक मिळाले धुळ्याचे डॉ. अभयकुमार छाजेड. कापडाच्या पिढीजात दुकानातला हा मुलगा, गादीवर बसायचं सोडून इतिहासात शिरलेला. घरचे अजून त्याला 'मास्तर' म्हणून चिडवायचे. प्रमिलाबाईंनी विषय निवडला पश्चिम खानदेशातला जंगल सत्याग्रह. त्या उत्साहानं म्हणाल्या, "सर, मुंबईच्या दप्तरखान्यात केव्हा जाऊ?"

"इतक्यात नाही," छाजेड सर म्हणाले. "आधी विहिरी कुणी कुठं खणल्यात ते बघा, मग आपली खणा."

त्या वेळचे कागद, अर्ज, निकाल ही मूळ साधनं. आणि त्यांवरून किंवा ऐकीव माहितीवरून नंतर कुणी लिहिलेली पुस्तकं ही दुय्यम साधनं. दुय्यम म्हणजे हलकी नव्हेत, हे सरांनी त्यांना पहिल्याच भेटीत बजावलं. आणि पुस्तक कसं वाचायचं तेही सांगितलं. मागून सुरू करायचं. आधी संदर्भसूची, मग टिपा, मग प्रस्तावना, शेवटी मजकूर. एका पुस्तकाची सूची आपल्याला आणखी चार पुस्तकांच्या दारात नेऊन उभी करते.

मग दर शनिवारी अर्धी शाळा आटोपून प्रमिलाबाई एरंडोल-पारोळ्यावरून धुळ्याला जाऊ लागल्या. जंगल सत्याग्रहावर लिहिलेलं जे जे मिळालं ते त्यांनी वाचलं. मोहखेड्याचा उल्लेख असलेली सहा पुस्तकं निघाली आणि सहाही पुस्तकांत माफी होती. मराठी तपासायला म्हणून त्यांनी पहिलं प्रकरण मला दिलं. त्यात वाक्य होतं, 'मोहखेडे गावाने मात्र लेखी माफी मागून माघार घेतली.' खाली सहा पुस्तकांचे हवाले.

मी विचारलं, "तुमचंच गाव ना हे? गाळलं तर कुणाला कळणार आहे?"

"सहा पुस्तकांत आहे, सुनंदाबाई. गाव माझं आहे म्हणून वाक्य गाळलं, तर मग मी इतिहास शिकवू नये."

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्या माहेरी गेल्या. खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. झाडाला झोके बांधलेले, घरोघरी खापरावरच्या पुरणपोळ्या. जेवणं झाल्यावर लोटनआबांनी ओट्यावर बसून लेकीला विचारलं, "काय लिखस तू गावबद्दल?"

त्यांनी जे होतं ते सांगितलं. आबांनी वळून लेकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "तू बी?"

"आबा, सहा पुस्तकांत आहे."

"सहा जनं सांगतस म्हनीसन खरं व्हई जास का?"

"आणि तुम्ही एकटे सांगता म्हणून खोटं होईल का?"

बापाला इतकं सरळ उत्तर त्या घरात कुणी दिलं नव्हतं. आबा उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी लेक निघाली तेव्हा ते शेतावर निघून गेलेले होते. आई सुंदरबाई एकटीच स्टँडवर सोडायला आली.

हे सगळं मला त्यांनी परत आल्यावर सांगितलं. रडल्या नाहीत, चिडलेल्या होत्या. स्वतःवर की बापावर, ते मला कळलं नाही. म्हणाल्या, "आबांचा राग खरा आहे, पण राग म्हणजे पुरावा नाही. मी त्यांना तसं सांगून आले. पण साक्रीपासून जळगावपर्यंत एकच विचार डोक्यात होता. सहा जण सांगतात, असं मी म्हणाले. सहा जणांना वेगवेगळं माहीत होतं, हे मी तपासलंय कुठं?"

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या मला बरोबर घेऊन धुळ्याच्या एका जुन्या ग्रंथालयात गेल्या. ग्रंथपाल तोताराम महाजन नियमाला पक्के होते. एका वाचकाला एका वेळी दोनच पुस्तकं मिळायची.

"मला सहा हवीत," प्रमिलाबाई म्हणाल्या. "एकाच टेबलावर, एकाच वेळी."

"दोन वाचा, परत करा, पुढची दोन घ्या."

"तसं मी वर्षभर केलं भाऊ, म्हणून तर फसले. दोन पुस्तकं हातात असली की चार आठवणीत ठेवावी लागतात. मला शेजारीशेजारी ठेवून शब्दाला शब्द लावून बघायचाय."

महाजनांनी नियमाची पाटी दाखवली. प्रमिलाबाई हलल्या नाहीत. मागं दोन-तीन वाचक ताटकळले. शेवटी महाजन म्हणाले, "दोन तुमच्या नावावर, दोन या बाईंच्या नावावर. उरलेली दोन मी स्वतः घेऊन तुमच्या टेबलाशी बसतो. पण पान दुमडायचं नाही."

आम्ही पुस्तकं सालाप्रमाणे मांडली. सगळ्यांत नवं १९८१चं, पुण्याच्या एका प्राध्यापकांनी लिहिलेलं, जाडजूड. त्यातल्या माफीच्या वाक्याला टीप होती, आणि टीप नेत होती १९७२च्या पुस्तकाकडे. ते एका निवृत्त मामलेदारांचं. मामलेदारांनी हवाला दिला होता १९५७च्या एका वकिलांच्या पुस्तकाचा. १९६४चं पुस्तक कुणाचाच हवाला देत नव्हतं. प्रमिलाबाई म्हणाल्या, "हे स्वतंत्र असू शकतं." मग त्या वकिलांचं आणि ते पुस्तक शेजारी ठेवून वाचायला लागल्या आणि मध्येच थांबल्या.

"सुनंदाबाई, बघा. दोघंही म्हणतात, गवत कार्तिकात कापलं. सत्याग्रह भर पावसाळ्यात झाला, हे तर सगळ्यांना ठाऊक आहे. दोघांची चूक एकच कशी?"

हे मात्र मला लगेच कळलं. परीक्षेत शेजारच्याचं बघून लिहिणाऱ्या मुलांना आम्ही दोघी असंच पकडायचो. बरोबर उत्तर कुणाचंही सारखं येतं. चूक सारखी आली की समजायचं, एकानं दुसऱ्याचं उतरवलं.

वकिलांनी घेतलं होतं १९४९च्या एका स्मृतिग्रंथातून. आणि स्मृतिग्रंथानं घेतलं होतं १९३८ साली निघालेल्या एका पातळशा पुस्तिकेतून. तिच्यापलीकडे वाट नव्हती. सहा पुस्तकं एकामागं एक उभी होती, आणि प्रत्येकानं पुढच्याचा पदर धरला होता.

प्रमिलाबाईंनी कागदावर सहाही वाक्यं एकाखाली एक लिहिली. १९३८ची पुस्तिका म्हणत होती, 'मोहखेडे येथील काही मंडळींनी माफी मागितल्याचे कळते.' स्मृतिग्रंथात ते झालं, 'मोहखेड्याच्या मंडळींनी माफी मागितली.' वकिलांनी लिहिलं, 'साक्री तालुक्यातील मोहखेडे गावाने माफी मागितली', आणि १९६४च्या पुस्तकानं ते कानामात्रेसकट उतरवलं. मामलेदारांनी त्यात 'लेखी' घातलं. पुण्याच्या प्राध्यापकांनी माघारही घ्यायला लावली.

"'कळते' म्हणजे काय हो?" त्यांनी मला विचारलं.

"म्हणजे लिहिणाऱ्यानं पाहिलेलं नाही. कुणाकडून तरी ऐकलंय."

"कुणाकडून?"

"ते वाक्यात नाही."

"आणि हे 'काही' कुठं गेलं? 'कळते' कुठं गेलं?" त्यांचा आवाज चढला. महाजनांनी वर पाहिलं. "एक शब्द गाळला आणि बठ्ठं गाव आत घातलं." बाई शहरात आल्यापासून प्रमाण मराठीच बोलायच्या. माहेरच्या अहिराणीतला तो 'बठ्ठं', म्हणजे अख्खं, त्यांच्या तोंडून कसा निसटला ते त्यांनाही कळलं नसेल.

पुस्तिकेची प्रस्तावना त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा नीट वाचली. लेखकानं तिच्यात सरळ सांगून ठेवलं होतं, की प्रकृतीमुळे मला खानदेशात हिंडता आलेलं नाही, येणाऱ्याजाणाऱ्यांकडून ऐकलं ते लिहिलं, चुका असतील त्या वाचकांनी कळवाव्यात. माणूस प्रामाणिक होता. त्याच्यानंतरच्यांनी प्रस्तावना वाचली नव्हती.

आणखी एक गोष्ट निघाली. पुस्तिकेत माफीचं वाक्य साक्रीच्या गावांमध्ये नव्हतं. ते आलं होतं शेवटी, चोपडा आणि यावलच्या गावांची नावं संपताना. नकाशा काढून पाहिला, तर चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी दुसरं एक मोहखेडे होतं. तालुका पुस्तिकेनं सांगितलाच नव्हता. साक्रीचं नाव वकिलांनी पदरचं घातलं होतं, बहुधा त्यांना तेवढंच मोहखेडे माहीत होतं म्हणून.

मी म्हणाले, "सुटलं तुमचं गाव."

त्या म्हणाल्या, "थांबा."

डॉ. छाजेडांनी ते सहा वाक्यांचं पान दोनदा वाचलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला. मी बाजूच्या खुर्चीवर होते.

"काम चांगलं झालंय," ते म्हणाले. "पण अडचण आहे. तुमचे बाहेरचे परीक्षक कोण आहेत, माहीत आहे?"

१९८१च्या पुस्तकाचे लेखकच परीक्षक होते.

"मूळ मजकुरात वाक्य राहू द्या," सर म्हणाले. "खाली टीप टाका की याबाबत मतभेद आहेत. पदवी हातात पडली की मग स्वतंत्र लेख लिहा. मीच छापून आणतो."

"मतभेद कुणाचे, सर? सहाही जणांचं एकमत आहे. कारण बोलणारा एकच आहे."

"ते म्हणतील, तुमचं माहेर आहे म्हणून तुम्ही हे केलंत."

"मग पहिल्याच पानावर लिहिते, मोहखेडे माझं माहेर आहे. त्यांना शोधायला लागू नये."

सर थोडे हसले, पण मग गंभीर झाले. "आणि मूळ कागद? माफीचा अर्ज?"

"मुंबईला जाऊन शोधला. मिळाला नाही. मिळाला नाही म्हणजे नव्हता, असंही मी लिहिणार नाही."

"बाई, वर्ष वाया जाईल."

"जाऊ दे."

छाजेड सरांनी सही केली. हे मला आजही मोठं वाटतं, कारण पुढं त्या प्राध्यापकांशी गाठ त्यांचीही पडणार होतीच.

तोंडी परीक्षेत व्हायचं तेच झालं. परीक्षकांनी विचारलं, "सहा मान्यवर लेखक चुकले आणि तुम्ही बरोबर?"

"सहा लेखक चुकले असं मी लिहिलेलं नाही. पहिल्यानं 'कळते' म्हटलं होतं, त्यांनी चूक केली नाही. नंतरच्या पाचांपैकी कुणीही नवा पुरावा दिलेला नाही, एवढंच लिहिलंय. तुमच्याजवळ असेल तर मी आत्ता वाक्य परत घालते."

प्राध्यापकांनी प्रबंध मिटून बाजूला सारला. प्रबंध दुरुस्तीसाठी परत आला. शेरा होता, 'प्रस्थापित संशोधनाचा पुरेसा आदर नाही.' प्रमिलाबाईंच्या घरी नवऱ्यानं, सासरच्यांनी समजावलं, वाकायला काय जातं? एक वाक्य तर आहे. त्या म्हणाल्या, "एक वाक्यच होतं. त्यानंच माझ्या बापाची मान खाली घातली." दुरुस्ती म्हणून त्यांनी मूळ मजकुराचा एक शब्दही बदलला नाही. उलट सहा पुस्तकांतली ती पानं जशीच्या तशी झेरॉक्स करून परिशिष्ट म्हणून जोडली आणि प्रबंध पुन्हा पाठवला. दुसऱ्या खेपेला परीक्षक दुसरे आले. १९९०मध्ये पदवी मिळाली.

आता खरं तर गोष्ट संपायला हवी होती. पण बातमी मोहखेड्याला पोचली. जंगल सत्याग्रहाला साठ वर्षं झाली म्हणून गावात स्तंभ उभा राहणार होता, स्मरणिका निघणार होती. सरपंच पुना नाना जीप घेऊन मेहरूणला आले. रविवार होता, मी तिथंच होते. नाना नारळ आणि शाल घेऊन आले होते. आधी पोटभर कौतुक केलं, मग कामाचं बोलले.

"बेटी, स्मरणिकामा तूच लिख. माफी चोपडाकडला मोहखेडानी मांगी, आम्हनी नही. तुना प्रबंधमा शे ना?"

"नाही नाना. माझ्या प्रबंधात असं आहे, की माफी कुणी मागितली हे माहीत नाही. मागितली की नाही हेही माहीत नाही."

"पन तठे शेवटले चोपडानं नाव शे, अशी सांगतस लोके."

"वाक्य तिथं आहे, एवढंच खरं. त्यावरून संशय घेता येतो, आरोप करता येत नाही."

नानांचा चेहरा उतरला. "साठ वरीस आम्हीन आयकं. आते एकदाव दुसरानी आयकं ते काय बिघडनं?"

"नाना, वकिलांनी नकाशा न बघता आपल्या गावाचं नाव घातलं. तुम्ही मला नकाशा बघून दुसऱ्याचं घालायला सांगताय. त्यांच्यापेक्षा आपण वाईट ठरू."

"तू आम्हनी शे का त्यास्नी?"

"तुमची आहे. म्हणूनच लिहिणार नाही."

शाल खुर्चीवरच राहिली. प्रमिलाबाईंनी तरीही स्मरणिकेला लेख पाठवला, त्यांच्या शब्दांत, शेवटी 'याबाबत निश्चित काही सांगता येत नाही' असं म्हणून. स्मरणिका छापून आली तेव्हा लेख होता, वर प्रमिलाबाईंचं नाव होतं, आणि शेवटचं वाक्य बदललेलं होतं. 'माफी प्रत्यक्षात चोपडा तालुक्यातील मोहखेडे गावाने मागितली होती, हे आता सिद्ध झाले आहे.'

ती स्मरणिका त्यांनी स्टाफरूममध्ये माझ्यासमोर ठेवली. मी त्यांना कधी इतकं पांढरं पडलेलं पाहिलं नव्हतं. "बघितलं का," त्या म्हणाल्या, "सातवं पुस्तक. आणि त्यावर माझं नाव."

पुना नानांना त्या जाऊन भिडल्या. नाना म्हणाले, छापून झालं, वाटून झालं, आता काय. लोटनआबांनीही त्या आखाजीनंतर या विषयावर पहिल्यांदा तोंड उघडलं आणि लेकीला म्हटलं, "जाऊ दे ना, पोरी. गाव खूश शे." त्या म्हणाल्या, "आबा, त्या सहा जणांनीही असंच 'जाऊ दे' म्हणून आपल्या गावाचं नाव छापलं होतं."

मग त्यांनी जळगावच्या एका छापखान्यातून शुद्धिपत्रं छापून घेतली. चार ओळींचा चिटोरा. 'या लेखातील शेवटचे वाक्य माझे नाही. चोपडा तालुक्यातील मोहखेडे गावाने माफी मागितल्याचा कोणताही पुरावा मला मिळालेला नाही.' खाली नाव. स्मरणिका जिथं जिथं गेली होती, त्या शाळा, वाचनालयं, ग्रामपंचायती त्यांनी शोधून काढल्या. साक्री, पिंपळनेर, धुळे, अगदी चाळीसगावपर्यंत. सुट्टीच्या दिवशी मीही जायचे, पिशवीत डिंकाची बाटली घेऊन. काही ठिकाणी आम्हाला चहा मिळाला. एका ठिकाणी शिपायानं कपाटाची किल्ली दिली नाही, तर बाई दाराशी बसून राहिल्या. एका मुख्याध्यापकानं विचारलं, "बाई, हे कोण वाचणार आहे?" त्या म्हणाल्या, "पुढचं पुस्तक लिहिणारा." आणि चिटोरा पानावर नीट दाबून बसवला.

शेवटी त्या म्हणाल्या, "आता त्यांच्याकडे जायचं." चोपड्याच्या मोहखेड्याला. मी म्हणाले, कशाला? त्यांच्यापर्यंत स्मरणिका पोचलीही नसेल. त्या म्हणाल्या, "ज्याच्यावर आळ घातला त्याला तो ठाऊक नको?"

केळीच्या बागांमधून जाणारा रस्ता, पुढं सातपुडा. पारावर उखर्डू तात्या म्हणून एक म्हातारे गृहस्थ होते, ऐंशीच्या घरातले. प्रमिलाबाईंनी त्यांच्यासमोर स्मरणिका उघडली, वाक्य वाचून दाखवलं, आणि लगेच शुद्धिपत्रही. आजूबाजूला माणसं जमली. दोघं-तिघं तापले. एकानं स्मरणिका हिसकावून घेतली. "लिवनारी हीच ना? नाव हिचंच हाये."

"नाव माझंच आहे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "म्हणून मी आले. दुसऱ्या कुणाला पाठवलं नाही."

उखर्डू तात्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. मग म्हणाले, "बाई, माफी कायले मांगू आम्ही? तवा मी जुवान होतो. आमच्या गावचं कोनी जंगलात गेलंच नाही. पाटलानं दम भरला होता, सारे घरात बसले." आणि ते स्वतःच्याच बोलण्यावर खिन्नपणे हसले. "माफी तरी मांगली असती, तर कायतरी केलं होतं असं झालं असतं."

परतीच्या एसटीत मी म्हणाले, "आता तर झालं ना सिद्ध? त्यांनी तरी माफी मागितली नाही."

"एका म्हाताऱ्याची आठवण आहे, सुनंदाबाई. लिहून घेतली. तात्यांनी सांगितलं, अमुक दिवशी, पारावर, चारचौघांत, असं लिहिलं. त्यापुढं नाही."

साक्रीच्या मोहखेड्यानं पुढं दोन-तीन वर्षं त्यांना आखाजीला बोलावणं पाठवलं नाही. त्या न बोलावता जायच्या. ओट्यावर बसायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला नावानं हाक मारायच्या. काही उत्तर द्यायचे, काही मान वळवायचे. लोटनआबा मात्र एकदा, मी तिथं असताना, कुणाशी तरी बोलताना म्हणाले, "मनी पोरनी मनं बी आयकं नही." पोरीनं माझंही ऐकलं नाही, हे सांगताना त्यांचा आवाज तक्रारीचा होता. पण ते दर पाहुण्याला हेच सांगायचे, आणि सांगून झालं की लेकीकडे बघायचे.

१९९७ साली सत्याग्रहावर एक नवं पुस्तक आलं, एका तरुण संशोधकाचं. त्यानं प्रमिलाबाईंचा प्रबंध वाचला होता, शुद्धिपत्र चिकटवलेली स्मरणिकाही त्याला चाळीसगावच्या वाचनालयात सापडली होती. माफीचं वाक्य त्यानं घेतलं नाही. त्याऐवजी लिहिलं, 'मोहखेडे गावाबद्दलची माहिती संदिग्ध आहे.' मी पुस्तक घेऊन धावत स्टाफरूममध्ये गेले. वाटलं, बाई आज पेढे वाटतील.

त्यांनी चष्मा लावला, पान वाचलं, टिपा वाचल्या, प्रस्तावनाही वाचली. मग पर्समधून पोस्टकार्ड काढलं आणि माझ्यासमोर लिहायला घेतलं. 'आपले पुस्तक पाहिले. काम कष्टाने केले आहे. पृष्ठ १४२वर संदिग्ध म्हटले आहे, ते बरोबर नाही. संदिग्ध म्हणजे दोन्ही बाजूंना काही पुरावा असतो. इथे एकाही बाजूला नाही. शब्द निराधार असा हवा. आपणाजवळ काही आधार असल्यास कृपया कळवावे, मी माझे मत बदलेन.'

"इतका चांगला मुलगा आहे," मी म्हणाले. "त्याला तरी सोडा."

"चांगला आहे म्हणूनच लिहिते," त्या म्हणाल्या, आणि तास झाल्याची घंटा ऐकून खडू घेऊन नववी ब च्या वर्गाकडे निघाल्या.